वीणा कोणी घ्यायची?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हात मोकळे सोडा. आज गाऊन सांगण्यासारखं नाही, बोलूनच सांगावं लागेल. तेही मला जमेल की नाही, माहीत नाही!

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. एक माणूस दुसऱ्याला मारतो. तो पापी — ठरलं. तिसरा एक लांब बसलाय. त्यानं कुणाला बोट लावलं नाही, दगड मारला नाही. तो नुसता हसला! त्या हसणाऱ्याच्या पदरात काय पडतं? सांगा ना! अहो पाटील, तुम्ही सांगा. — काही नाही म्हणता? हसण्यानं कुणाचं काय जातं? बरं. हे उत्तर जपून ठेवा, शेवटी परत मागणार आहे.

आणि ते खांबाला टेकलेले — हो, तुम्हीच! मोबाइल मांडीखाली सरकवलात तरी उजेड दिसतोय. राहू द्या, बंद करू नका. आजचं आख्यान त्याच्याच पोटातलं आहे!

हिवरदरा नावाचं गाव. तिथं वामनतात्या खरमाळे. माळकरी माणूस, कपाळाचा बुक्का कधी पुसला गेला नाही. सप्ताहात दुपारचा पहारा तात्यांचा. आता तुम्हाला ठाऊक आहे, सप्ताह बसला की वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. कुणीतरी उभाच! जेवण गार होऊ दे, पाय सुजू देत, पण वीणा जमिनीला लागायची नाही. एवढं साधं, एवढं कडक.

तात्यांचा एकुलता एक मुलगा दिगंबर. पाण्याच्या पाइपांचं वेल्डिंग करायचा. तो गेला परदेशी. कोणत्या देशात? नाव नाही सांगणार! का? नाव सांगितलं की तुम्ही इथं बसल्या बसल्या बाजू घ्याल. मला माहीत नाही का तुम्ही? नाव कळेपर्यंत माणूस मेला म्हणून हळहळता, नाव कळलं की म्हणता, 'मग बरोबर आहे!'

तर त्या देशात भावाभावांची भांडणं चालू होती. आपल्याकडे नाहीत का? बांधावरून डोकी फुटतात! पण समजा, तुमचं नि तुमच्या भावाचं बांधावरून जुंपलंय, आणि तिसऱ्या तालुक्यातला कोणी गडगंज माणूस जेसीबी घेऊन आला. म्हणाला, "तुमचं भांडण मिटवायला आलोय." बांध उकरला. विहीर बुजवली. घराची भिंत पाडली. वर म्हणतो, "आता तुम्ही मोकळे झालात, टाळ्या वाजवा!" हसताय? हसा. तिथं अगदी असंच झालं. एक बलाढ्य राष्ट्र विमानं घेऊन आलं — त्यांना बोलावलं कुणी, कुणालाच माहीत नाही. म्हणे लेकीबाळींना स्वातंत्र्य देतो. अरे बाबा, लेकीबाळी घरात आहेत आणि तू घरावरच बॉम्ब टाकतोयस!

दिगंबर होता त्या गावात मात्र शांतता होती. आईला फोनवर सांगायचा, "आई, लढाई लांब आहे गं." खालच्या मजल्यावर रोट्यांची भट्टी होती, वर दिगंबरची खोली. भट्टीचा मालक हबीब, त्याची बायको सफिया. दिगंबर पहिल्यांदा रोटी घ्यायला गेला तेव्हा गळ्यातली माळ दाखवून म्हणाला, "मी मटण खात नाही. मटणाच्या भांड्यातलंही चालत नाही." तिथं एकाच पत्र्यावर सगळं भाजायची रीत! हबीब काय म्हणाला असेल? 'नखरे करतोस, चालायला लाग'? नाही हो. दुसऱ्या दिवशी त्यानं नवा पत्रा आणला आणि भिंतीला वेगळा टांगला. म्हणाला, "हा दिगंबरचा. याला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही." माळ आपली, नियम आपला, आणि सांभाळतोय कोण? ज्यानं विठोबाचं नावही ऐकलं नव्हतं!

तात्यांनीच एकदा फोनवर हबीबला सांगितलं होतं, "बाबा, पोराला उपाशी राहू देऊ नको." दिगंबरनं ते त्याच्या भाषेत सांगितलं. हबीबनं छातीवर हात ठेवला. गळ्यात वीणा घेतलेला तात्यांचा फोटो दिगंबरच्या मोबाइलवर होता. तो पाहून सफिया म्हणाली होती, "देवाचं नाव घेणारा म्हातारा दिसतो. तू नशीबवान आहेस."

आणि एके दिवशी त्या गावावर विमानं आली.

भर सकाळी! लोक धावले आणि समोरच्या घराच्या तळघरात शिरले. दिगंबरही शिरला. आत कुणीतरी जेवणाचं पातेलं आणलं होतं. मटण होतं. दिगंबर म्हणाला, "तुम्ही खा, मी पाण्यावर राहतो." हबीब उठला. "पाहुणा पाण्यावर? रस्त्यापलीकडे माझी भट्टी असताना?" सफियानं सदरा धरला. दिगंबरनं पाय धरले! हबीब म्हणाला, "आवाज थांबलाय. हा गेलो नि हा आलो."

गेला. मग वरती दणका झाला. तळघराच्या दारावर माती-दगड येऊन पडले, वाट बंद! सफिया एकेकाला विचारायची, "तो भट्टीतच थांबला असेल ना? भट्टीची भिंत जाड आहे ना?" लोक म्हणायचे, हो, जाड आहे. दुसरं काय म्हणणार हो?

आता चला हिवरदऱ्याला. दुसरा दिवस, सप्ताह चालू, दुपारचा पहारा. तात्यांच्या गळ्यात वीणा आणि हातात मोबाइल. सप्ताहाचा ग्रुप होता. पहारा कुणाचा, पंगत कुणाची, एवढ्यापुरता काढलेला! आता त्यात काय काय येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. एक व्हिडिओ आला. विमानातून काढलेला, माणसं मुंगीएवढी. एक मुंगी रस्ता ओलांडते, काखेत काहीतरी आहे. मग धूर! वरती ढोल-ताशाचं संगीत लावलेलं, आणि खाली लिहिलेलं — 'एक दणका, सगळे साफ!'

कुठला व्हिडिओ? कोणतं गाव? कुणी विचारलं? एकानंही नाही! 'त्यांचं' आहे ना, मग झालं. ते सगळे सारखेच. केरबानं हसरं तोंड टाकलं. रंगनाथनं टाकलं. सोपानकाकांनी दोन टाकली. आणि तात्यांनी — वीणा गळ्यात, एका हातानं तार छेडताहेत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हसरं तोंड टाकलं. खाली लिहिलं, 'बरी खोड मोडली. अजून टाका.'

मंडळी, त्या ग्रुपात दिगंबरही होता. तात्यांनीच घातला होता, पोराला सप्ताहाचं दर्शन घडावं म्हणून!

तळघराला एक झरोका होता, माणूस जेमतेम निघेल एवढा; पण विमानांच्या धाकानं कुणी बाहेर पडेना. त्याच्या कोपऱ्यात थोडी रेंज मिळाली. दिगंबरनं मोबाइल उघडला. वाटलं, जीव जायच्या आधी बापाला वीणा घेतलेलं बघावं. आणि समोर तो व्हिडिओ! रस्ता ओळखीचा. भट्टीवरचा निळा पडदा ओळखीचा. तिथून निघालेली मुंगी... शेजारी सफिया बसली होती. तिनं पाहिलं. बायको नवऱ्याची चाल ओळखणार नाही का हो? आकाशातून पाहिली तरी ओळखेल!

त्या राष्ट्रानं जगाला सांगितलं, काखेत बंदूक होती. काखेत रोटी होती हो! दिगंबरच्या पत्र्यावरची, फडक्यात बांधलेली!

सफिया ओरडली नाही. नवरा गेल्याचं तिला कळलं ते असं — आपल्या हरिनामाच्या ग्रुपवर. तिला मराठी येत नाही, पण हसरं तोंड वाचायला शाळा लागते का? एकाखाली एक, रांगच्या रांग! आणि त्यात वीणा घेतलेल्या फोटोतला तो म्हातारा. तिनं त्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "दिगंबर, हे तुझे वडील ना? हे का हसले?"

सांगा, काय उत्तर द्यावं त्यानं? पाटील, तुम्ही सांगा!

तळघरात गलका झाला. एकजण उठला. "याच्या घरचे आपल्या मरणावर हसतात! फेका याला बाहेर!" दोघांनी त्याला धरून झरोक्याकडे ओढलं. बाहेर पुन्हा विमानांचा आवाज. दिगंबरनं हातही उचलला नाही. त्याला वाटलं, बरोबरच आहे यांचं.

सफिया मध्ये उभी राहिली. डोळ्यांत पाणी नाही, आवाज चिरका. "माझा माणूस याच्या रोटीसाठी गेला. याला बाहेर काढलंत, तर तो कशासाठी गेला?"

हात सुटले.

मग दिगंबरनं फोन लावला. तात्या मंडपातच, वीणा गळ्यात. आनंदानं म्हणाले, "अरे, दर्शन घेतलंस का? आणि तो व्हिडिओ पाहिलास?"

"पाहिला, तात्या. तो हबीब आहे."

"कोण हबीब?"

"माझा पत्रा वेगळा ठेवणारा. माझ्यासाठी रोटी आणायला गेला होता. त्याची बायको शेजारी बसलीय. ती विचारते, तुम्ही का हसलात?"

तात्यांनी मोबाइल पंगतीकडे पुढे केला. दिगंबरच्या आईनं, केवळबाईनं, पंगतीतून उठून फोन घेतला. लेकानं सांगितलेलं ऐकलं. म्हणाली, "तिला दे." तिकडे सफिया. हिला तिची भाषा येत नाही, तिला हिची येत नाही. केवळबाई एवढंच म्हणाली, "बाई गं... बाई गं माझे..." आणि दोघी हमसून हमसून रडल्या.

तात्यांनी ते हसरं तोंड पुसलं. लिहिलेलंही पुसलं. ग्रुपवरून गेलं सगळं! सफियाच्या डोळ्यांसमोरून जाईल का?

मग तात्या म्हणाले, "माझ्याकडून वीणा काढून घ्या. माझ्या गळ्यात नको." केरबा पुढे आला. तात्यांनी विचारलं, "तू हसला होतास ना रे?" केरबानं मान खाली घातली. रंगनाथ मागे सरकला. सोपानकाका म्हणाले, "तात्या, सगळेच हसले होते. आम्हाला काय माहीत, आपला दिगू तिथं आहे!"

तात्या केवढ्यानं ओरडले! "दिगू नसता तर? दिगू नसता तर ते हसू चाललं असतं का?"

वीणा खाली ठेवायची नाही, आणि घ्यायला एक हात नाही! पहारा संपला. पुढच्याचाही संपला. तात्या उभेच. डोळ्यांतलं पाणी वीणेच्या भोपळ्यावर पडतंय. शेवटी केवळबाईनं ती त्यांच्या गळ्यातून काढली नि आपल्या गळ्यात घातली. त्या गावात बाईनं वीणा घ्यायची पद्धत नव्हती. कुणी ब्र काढला नाही.

विमानं थांबल्यावर ढिगारा उपसून तळघरातल्यांना बाहेर काढलं, दिगंबर पुढे परत आला. सोबत तो काळा पडलेला पत्रा. सफियानंच दिला. म्हणाली, "त्यानं तुझ्यासाठी ठेवला होता, तूच ने." तात्यांच्या घरात तो देव्हाऱ्याशेजारी टांगलाय. सप्ताह आला की तात्या आजही दुपारच्या पहाऱ्याला येतात. वीणेला हात लावत नाहीत. वीणेकऱ्याच्या मागे हात जोडून उभे राहतात, पहारा बदलला की निघून जातात.

पाटील, आता ते जपून ठेवलेलं उत्तर परत द्या. हसण्यानं कुणाचं काय जातं? ... खाली बघू नका. मी तुमचा मोबाइल मागत नाही. मला काय करायचाय! तुमचा तुम्ही उघडा. किती मुंग्यांवर हसलात, बघा. कुणाच्या काखेत काय होतं, तेवढं एकदा विचारा.

हा इथला पहारा आता बदलेल. वीणेकरीबुवांचे पाय दुखायला लागलेत, दिसतंय मला. या, कोणी घेतंय वीणा? ... या ना. मी थांबतो.

तोवर हरिनाम घ्या. पण मंडळी, आज मोठ्यानं नको. हळू घ्या. कुठल्यातरी तळघरात कोणीतरी दाराकडे कान लावून बसलं असेल.