सोमेश्वरच्या शेळ्या

लिंबागणेशच्या थांब्यावर एसटीची वाट बघणाऱ्या शांतादेवींनी शेजारच्या बोलण्याकडे कान लावला. अंगणवाडीच्या रतनबाई आणि त्यांच्याकडे शिकायला आलेली कॉलेजची ऋतुजा बोलत होत्या.

“बाई, सोमेश्वरला मोजता येत न्हाई. धाकट्या पोरांत बसवू का त्याला?”

“काय इचारलंस त्याला?”

“घरी शेळ्या किती?”

“मग?”

“नावंच सांगत बसला. काळी, बांडी, मोरी…”

“किती नावं झाली?”

“अकरा.”

“अन् शेळ्या किती हायत?”

“ते न्हाई माहीत.”

“अकराच. सांजच्याला एक कमी आली, तर सगळ्यांत आदी त्यालाच कळतंय.”

ऋतुजानं वही उघडून लिहिलेलं खोडलं.

“आता काय लिहू, बाई?”

“इतक्यात काई लिहू नको. उद्या त्याच्यासंगं शेळ्यांमागं जा.”

“मला ओळखू येतील का एवढ्या?”

“त्यालाच इचार. लई नीट शिकवतोय.”