आवाजाचा रिमोट वेगळा

सून: नाही बाबा, तो रिमोट सेट-टॉप डब्याचा. टीव्हीचा तुमच्या मांडीखाली गेलाय.

सासरे: मग हा कुणाचा?

सून: तो स्पीकरचा, साउंडचा. म्हणून तर म्हणतेय, या तिघांना एकदाचं कपाटात टाकू आणि सगळ्याला मिळून एकच ठेवू. दुकानदाराने दोन दिलेत. पसंत पडेल तो ठेवा, दुसरा परत आणून द्या म्हणाला. हा बघा पहिला.

सासरे: याला बटणंच नाहीत.

सून: काचेला बोट लावायचं. उजळली की दिसतात.

सासरे: आणि नाही उजळली तर काच चोळत बसू? दुसरा दाखव.

सून: हा घ्या.

सासरे: अगं, ही काय साबणाची वडी आणलीस?

सून: आकडे बघा केवढे ठळक आहेत. चष्मा नसला तरी चालेल.

सासरे: म्हणजे म्हाताऱ्यांचा.

सून: असं खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही.

सासरे: मग खोक्यावर हे आजोबा कशाला छापलेत? बत्तिशी काढून हसतायत.

सून: कवळी आहे ती. वरची जरा मोठी बसवलीय कुणीतरी.

सासरे: बघ! दातांची लॅब सुटली तुझी, पण नजर तिथेच आहे.

सून: सुटली नाहीये बाबा. रजेवर आहे मी. तुमचा खुबा मोडला तेव्हापासून.

सासरे: हं. बरं, वडी तर वडी. काय करायचं हिचं?

सून: आधी हिला आपल्या वस्तूंची ओळख करून द्यायची. हे 'सेट' बटण दाबून धरायचं, लाल दिवा लागेपर्यंत. लागला. आता 'टीव्ही'. आणि या पुस्तिकेत आपल्या कंपनीपुढे जो आकडा दिलाय तो. हे बघा, झाला टीव्ही बंद.

सासरे: पहिल्याच भेटीत?

सून: आता डबा. पहिला आकडा... नाही. दुसरा... हा लागला. चॅनेलं बदलतायत.

सासरे: आणि साउंड?

सून: साउंडची कंपनीच नाही यादीत. तुमच्या लेकाने कुठून शोधून आणलीय कोण जाणे. या वडीला हाताने शिकवावं लागणार. जुना रिमोट आणि नवा असे समोरासमोर ठेवायचे, नाकाला नाक लावून. नव्यावर 'आवाज कमी' दाबायचं, मग जुन्यावर तेच दाबायचं. जुना सांगतो, नवा ऐकून घेतो.

सासरे: आपल्यासमोर कुजबुजतायत की दोघं. शिष्टाचार म्हणून नाही.

सून: हलवू नका. हं... झालं. आता 'जास्त'. आता चालू-बंद. शिकला! घ्या, तुम्ही करा. टीव्ही लावा, बातम्या लावा, आवाज कमी करा.

सासरे: हे?

सून: ते नाही, त्याच्या वरचं.

सासरे: हे?

सून: बाबा, त्यावर 'टीव्ही' लिहिलंय. केवढं मोठं लिहिलंय.

सासरे: दाबलं की. नाही लागत.

सून: तुम्ही रिमोट छताकडे धरलाय. इकडे. हां, लागला. आता आवाज.

सासरे: गेलं चित्र. मला नाही जमायचं हे.

सून: पेनाने शब्दकोडं सोडवता तुम्ही. एकही खाडाखोड नसते. आणि सकाळपासून हे एक बटण सापडत नाहीये?

सासरे: कोड्यात कुणी घाई करत नाही.

सून: बरं. मी घाई करत नाही. पुन्हा लावून देते, बातम्या बघा. दूध ठेवलंय गॅसवर, ते उतरवून येते.

सासरे: जा, जा. उतू जाईल.

सून: ...बाबा.

सासरे: आलीस? उतरवलंस?

सून: मी गेले तेव्हा बातम्या लागल्या होत्या.

सासरे: संपल्या असतील.

सून: बातम्यांच्या चॅनेलवर बातम्या संपत नाहीत. आता मॅच लागलीय. आणि आवाजही खाली आलाय.

सासरे: बोट लागलं असेल चुकून.

सून: मी दारातच उभी होते. चष्मा डोक्यावर होता तुमच्या. सरसर चॅनेलं पुढे नेत होतात, मॅच सापडल्यावर आवाज हवा तेवढा केलात. चुकून!

सासरे: म्हणजे माझ्यावर पाळत?

सून: पाळत नाही, दूध उतरवून आले. सकाळपासून माझी का फजिती करताय?

सासरे: फजिती कसली त्यात.

सून: बाबा, मला काल मॅडमचा फोन आला होता. सोमवारी आले तर माझी जागा माझी, नाहीतर त्या दुसरी मुलगी घेणार आहेत.

सासरे: माहीत आहे.

सून: तुम्हाला कुणी सांगितलं?

सासरे: गॅलरीत बोलत होतीस. माझा खुबा मोडलाय, कान नाही.

सून: म्हणजे म्हणून जमत नव्हतं?

सासरे: मला जमलं की तू जाणार.

सून: त्यासाठीच तर आणलाय हा.

सासरे: तेच म्हणतोय मी.

सून: मग ऐका. मला जायचंय. रजा संपली म्हणून नाही, मलाच जायचंय. दिवसभर घरात नुसत्या हाका ऐकतेय मी. चॅनेल बदल, आवाज वाढव, आवाज कमी कर, डबा बंद पडला. हे तुमच्यामुळे नाही असं म्हणणार होते. पण आहे. तुमच्यामुळेच आहे.

सासरे: जा की मग. अडवलंय कुणी?

सून: हे असं बोलता ना, हेच अडवणं.

सासरे: मी काही बोललो तरी वाईट. गप्प बसलो तरी वाईट.

सून: वॉकर घेऊन तुम्ही स्वतः बाथरूमला जाता. जेवण टेबलावर झाकून ठेवीन. फोन तुमच्या खिशात राहील. शेजारच्या काकू भिंतीपलीकडेच आहेत. आणि त्या दिवशी पडलात तेव्हा तरी काय झालं? दहा मिनिटांत हे आले ना घरी?

सासरे: दहा मिनिटांत.

सून: तुम्हीच सांगितलंत. आत्ताच पडलो, असं.

सासरे: सांगितलं खरं.

सून: ...बाबा, सांगितलं खरं म्हणजे काय?

सासरे: ती मॅच बंद कर आधी.

सून: केली. बोला.

सासरे: तुम्ही दोघं कामाला गेलात. मी जेवलो. मग ती गाण्यांची स्पर्धा लावली, मोठ्याने. घरात कोणी नाही म्हटल्यावर लावतो मी तशी. पाणी घ्यायला उठलो आणि पाय चादरीत अडकला. खाली आलो तो उठताच येईना.

सून: कधी? संध्याकाळी?

सासरे: जेवणानंतरच ग. ऊन खिडकीच्या खालच्या गजावर होतं. तो आला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

सून: अख्खी दुपार? बाबा, अख्खी दुपार तुम्ही तिथे, या फरशीवर...

सासरे: फोन आतल्या खोलीत चार्जिंगला.

सून: आणि हाका नाही मारल्यात?

सासरे: मारल्या की. आयुष्यभर बसस्टँडवर गाड्या पुकारल्या मी. माझा आवाज ऐकून माणसं हातातला चहा टाकून पळायची. पण तिथे माईक होता. माईक नसला तर माझा आवाज किती, ते त्या दिवशी कळलं.

सून: साउंड चालू होती म्हणून.

सासरे: एक रिमोट पडताना हातातच राहिला होता. म्हटलं, आवाज बंद करू, म्हणजे कुणाला तरी ऐकू जाईल. दाबला. चित्र गेलं आणि गाणं चालूच.

सून: तो टीव्हीचा होता. आपल्याकडे आवाज डब्यातून सरळ साउंडमध्ये जातो. आवाजाचा रिमोट वेगळा.

सासरे: हे तू आज सांगतेस. मी त्या दिवशी जमेल तितक्या वेळा दाबलं. चित्र यायचं, चित्र जायचं. शेवटी शेवटी दाबायचं सोडून दिलं. साउंडचा वर फळीवर होता, मला इथून दिसत होता. काळा पडदा समोर, आणि त्यातनं टाळ्या. मी हाक मारली की नेमक्या टाळ्या.

सून: काकू तरी होत्या ना घरात?

सासरे: होत्या. भिंतीवर थापा मारल्या त्यांनी.

सून: मग?

सासरे: आवाज कमी करा म्हणून मारल्या ग. मला वाटलं, ऐकलं हिने. मी होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडलो. तर त्यांनी अजून जोरात थापा मारल्या. आणि मग घर बंद करून बाहेर गेल्या. कुलूप लावलेलं ऐकलं मी.

सून: ...फरशी ओली होती. तुम्ही म्हणालात, ग्लास सांडला.

सासरे: ग्लासापर्यंत पोचलोच नव्हतो मी.

सून: मीच पुसली होती. मला कळायला हवं होतं.

सासरे: कळू नये म्हणूनच सांगितलं तसं.

सून: पण का? डॉक्टरांनासुद्धा?

सासरे: त्याने दार उघडलं आणि तिथेच खाली बसला, डोकं धरून. ही साउंड त्यानेच आणली होती माझ्या वाढदिवसाला. कसा खूश होता, वायरी लावताना शिट्टी वाजवत होता. त्याला काय सांगू? आत्ताच पडलो म्हटल्यावर जरा रंग आला तोंडावर. मग तेच धरून ठेवलं. आणि त्या शेजारच्या बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मोसंबी घेऊन आल्या. त्यांना काय सांगायचं?

सून: यांना सांगायला हवं.

सासरे: नाही.

सून: बाबा, मग हे पोटात ठेवून मी कामाला जाऊ?

सासरे: म्हणजे जाणारच आहेस.

सून: जाणार आहे. मघाशी रागाने म्हणाले, आता रागाने नाही म्हणत. पण तुम्हाला इथे कशाची भीती वाटते ते यांना माहीत नसेल, तर हे पुन्हा काहीतरी नवीन घेऊन येतील आणि शिट्टी वाजवत वायरी लावतील. आज संध्याकाळी तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन.

सासरे: मोडेल ग तो.

सून: मोडू दे. तुम्ही एकट्याने मोडायचं आणि आम्ही मजेत राहायचं, असं नाही चालणार.

सासरे: आणि त्या शेजारच्या?

सून: त्यांच्याकडे किल्ली ठेवायचीय, तेव्हा सांगावंच लागेल.

सासरे: बाईंना झोप नाही लागायची.

सून: नाही लागली तर नाही लागली. द्या तो रिमोट. अजून एक गोष्ट करता येते यात, पुस्तिकेत होती. हे लाल बटण... थांबा, हे आणि 'सेट' अशी दोन्ही एकदम धरायची आणि मग टीव्ही, डबा, साउंड असे ओळीने. हं. आता तिन्ही चालू करते. मोठ्याने करतेय, घाबरू नका.

सासरे: नको. अगं, नको.

सून: मी इथेच आहे. लाल दाबा. बाबा, लाल!

सासरे: ...गेलं?

सून: सगळं गेलं. एका बटणात. पुन्हा करायचं?

सासरे: थांब. पलीकडे मिक्सर चाललाय त्यांचा.

सून: हो, येतोय ऐकू.

सासरे: किती स्पष्ट येतोय. म्हणजे तिकडेही गेलं असतं ग माझं ओरडणं. एवढंच बंद झालं असतं, तर गेलं असतं.

(सोमवार, दुपार. फोनवर.)

सून: जेवलात?

सासरे: जेवलो. ताटही ठेवलं. वॉकर धरूनच ठेवलं, ओरडू नकोस.

सून: टीव्ही लावलाय का?

सासरे: नाही.

सून: रिमोट चालत नाही?

सासरे: चालतो. सकाळी तू गेल्यावर दोनदा लावून बघितला, दोनदा बंद केला. शहाणी आहे वडी.

सून: मग?

सासरे: आज नको वाटतंय. जिन्यातनं कोण येतंय, कोण जातंय, ऐकत बसलोय. शेजारच्या बाई येऊन गेल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. नुसत्या रडत होत्या. शेवटी मीच म्हटलं, बसा, पाणी घ्या.

सून: आणि हे? यांचा फोन आला?

सासरे: सारखा येतोय. काय करताय, विचारतो. बसलोय म्हणतो. मग पुन्हा तेच विचारतो. त्या संध्याकाळपासून माझ्याकडे नीट बघत नाही तो. साउंड काढून माळ्यावर टाकली. मी म्हटलं होतं तुला, मोडेल म्हणून.

सून: वेळ लागेल त्यांना.

सासरे: लागू दे. तुझं कसं चाललंय?

सून: टेबल तेच मिळालं. हात जरा जड झालाय. एका बाईंचे पुढचे दात करतेय, उद्या हवेत त्यांना. बाबा, मॅडमना विचारून लवकर निघू का आज?

सासरे: नको. बाईंचे दात कर.

सून: नक्की? मग ठेवू फोन?

सासरे: बंद नको करूस. नुसता बाजूला ठेव. बोलायला नको काही. तुझ्या मशीनचा आवाज येऊ दे थोडा वेळ.