बाबांच्या खोलीतला गॅस

हसू नका, पण सासऱ्यांसमोर ‘गॅस’ हा शब्द मी आता सिलिंडरसाठीसुद्धा वापरत नाही.

ते वर्ध्याहून आमच्याकडे पुण्याला राहायला आले होते. मुलीच्या घरी राहायचं म्हणून आधीच संकोचलेले. त्यांना तळमजल्यावरची खोली दिली होती, आणि डासांमुळे तिच्या खिडक्या कायम बंद. मी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेलो होतो, तिथून रेडॉन मोजायचं मशीन आणलं होतं. रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात झिरपणारा वायू. वास येत नाही, पण फुप्फुसांना वाईट. मशीन त्या खोलीत ठेवलं, तर आकडा चांगलाच चढला.

मी बायकोला म्हणालो, “बाबांच्या खोलीत गॅस फार झालाय गं. खिडक्या उघड्या ठेव. एक्झॉस्ट पंखाच बसवून टाकू.”

बाबा जिन्यातच होते.

त्यानंतर ते नुसता ताकभात जेवू लागले. डाळ नको, उसळ नको. आम्हाला वाटलं, इथलं जेवण मानवत नसेल. पंखा बसवायला माणूस आला, तेव्हा बाबा बॅग भरून बाहेर आले.

“जावईबापू, वय झालं आता, त्रास होतो. पण पंख्याचा खर्च नका करू. मी गावी जातो.”

अर्थ आत्ता माझ्या लक्षात आला. बायकोकडे बघायची हिंमत होईना. मी मशीन आणून सगळं समजावलं.

बाबांनी विचारलं, “म्हणजे याला माणसाचा कळत नाही?”

“नाही बाबा. फक्त जमिनीतला.”

माझ्याकडे न बघताच ते मुलीला म्हणाले, “मग आज छोले करशील?”