नंदीचा नवा पाय

तुमी लिहून घेऊन राहिले म्हणून सांगतो, नाही तं हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. दवाखान्यात बायकोनं बी माह्या तोंडाकडं पाहून तेच सांगतलं, पोरगी पडली. पोरगी पडली नव्हती जी.

आमी कोंढ्याकडचे सुतार. तान्हा पोळा आला का लेकरायसाठी लाकडाचे नंदी करायचे, बाप करे, आता मी करतो. बाप मायले मारे, मी कोपऱ्यात रंधा धरून बसून राहो, अन् मोठा झालो तं मी बी तेच, काय सांगू तुमाले. मंग कारध्याले राहाले आलो, पोरगी झाली, परी, ती पोळ्यात जाण्याजोगी झाली तं तिच्यासाठी सागाचा नंदी केला, चाकावरचा, शिंगाले पितळ. त्या तान्ह्या पोळ्यालेच मी पिऊन आलो, कायच्यावरून भांडण झालं ते आता आठवत बी नाही, हाती नंदी लागला, बायकोवर फेकला, परी मधात आली. कपाळ फुटलं, नंदीचा पाय मोडला. दवाखान्याच्या वाटेवर मीच परीले शिकवलं, पोळ्यात पळताना पडली म्हणजो. चार वर्षाची होती. तिनं तेच सांगतलं, डॉक्टरले, मामाले, शाळेत बाईले, सगळ्यायले.

दारू सुटून दोन वर्षं झाले. आता दर शनिवारी दोघी मायलेकीले गाडीवर भंडाऱ्याले नेतो. तिथं घरातली मारपीट पाहिलेले सात-आठ लेकरं एका ताईपाशी गोल बसतात, खेळतात, बोलतात. मी बाहेर चपलांपाशी बसतो, दार अर्धं उघडं असते. परी महिनाभर बोललीच नाही. मंग ताईनं आवडीचं खेळणं आणाले सांगतलं, तिनं नंदी नेला. एक पोट्टा म्हणे, हा तं लंगडा बैल! परी म्हणे, लंगडा नाही, याले फेकलं हाये. कोणं फेकलं वं? नंदीले माहीत हाये, पुढच्या शनिवारी तोच सांगल.

बाहेर मी ऐकलं सगळं. अन् मी काय केलं, सुतार माणूस, मले जे येते तेच केलं. नवा पाय बसवला, लाकडाची नस, रेघेले रेघ, जुळवली, रंग दिला, बोट फिरवलं तरी सांधा समजे ना. पोरगी खुश होईल म्हटलं. भेव बी होतं, खोटं काहून बोलू.

शनिवारी तिनं पिशवीतून नंदी काढला, उलटापालटा करून पाहिला. पोट्टा म्हणे, सांग ना वं, तुहा नंदी बोलणार होता. परी म्हणे, आता तो बी म्हणते, पडलो म्हणून.

तेव्हापासून पुन्हा चूप. बायकोनं जेवताना एकदाच इचारलं, पाय काहून लावला जी तुमी? मी ताट उचलून मोरीत ठेवलं. हे लपवून थकलो आता, पण थकून काय होते.

जुना पाय माह्या पेटीत हाये, पटाशीखाली. तो परीच्या हातात द्याचा, अन् ताईसमोर, तिच्या मायसमोर सांगाचं, बेटा, तू पडली नव्हती, म्या फेकून मारला होता. एवढं माह्यावर बाकी हाये.