दत्तूची आसरा

पाण्यातल्या परीच्या, आसरेच्या प्रेमाच्या गोष्टी मला सांगू नका; माझा मित्र दत्तू त्यात वाया गेला. आणीबाणीच्या आधी कागलच्या एका मुलीवर त्याचा जीव जडला होता, तिचाही त्याच्यावर. पण त्याची आई म्हणायची, "माझ्या पोराला विहिरीतल्या आसरेनं धरलंय. दुसरी बाई घरात आली तर ती जित्ती ठेवायची न्हाय." एकुलता लेक तिला वाटून द्यायचा नव्हता, दुसरं काय! मी असल्या अंधश्रद्धेविरुद्ध पेपरात लिहिलं, त्याच्या आईशी भांडलो. दत्तू आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. मुलीचं दुसरीकडे लग्न झालं.

म्हातारी वारल्यावर मी म्हणालो, "आता तरी लगीन कर लेका. त्या विहिरीत पाण्याशिवाय काय न्हाय."

आसरेला वाहायच्या हिरव्या बांगड्या पिशवीत घालत दत्तू म्हणाला, "कागलची थांबली न्हाय. ही थांबलीया की."