उष्णतेचा हमाल

…आणि वर हे लोक मलाच म्हणतात, "आर्गिरी, चैन आहे बुवा तुझी! भर ऑगस्टात गारेगार खोलीत बसायचं आणि पगार घ्यायचा!" कसली खोली? कसली गारेगार? अहो, त्या इमारतीत गार हवा सर्व्हरला आहे, तारांना आहे, भिंतींना आहे, मला नाही! मी छतावर असतो, छतावर! अथेन्सजवळच्या लाव्रिओ बंदराच्या वरच्या टेकडीवर आमचं डेटा सेंटर, त्याच्या छतावर हे बसएवढाले चिलर घोंघावतायत, त्यांची गरम हवा माझ्या तोंडावर, वरून ऊन, खालून पत्रा, मध्ये मी… आणि समोर बेट दिसतं हो! त्झिया! बोटीने तासाभराच्या वाटेवर! तिथे माझी बायको देस्पिना अख्खा उन्हाळा तिच्या आईकडे असते, आणि मी इथे!

तुम्ही म्हणाल, मग जा की. कसा जाऊ? आता ऐका. गारवा म्हणून काही तयार होत नसतो. हे लोकांना कळतच नाही! उष्णता असते, ती इथून उचलायची आणि तिथे नेऊन टाकायची, बस्स. कार्डावर माझं नाव इंजिनियर म्हणून छापलंय, पण मी आहे उष्णतेचा हमाल! सर्व्हरच्या कपाटांच्या रांगा असतात, त्या पुढून गार हवा ओढतात, मागून तापलेली सोडतात. म्हणून एक गल्ली गार, एक गल्ली गरम, मध्ये दार. दार उघडं राहिलं की दोन्ही हवा मिसळल्या आणि मुसळ केरात! गरम हवा गार पाण्याच्या नळ्यांवरून जाते, पाणी तिची उष्णता अंगावर घेतं, पंप ते पाणी छतावर ढकलतो, चिलर ती उष्णता काढून आभाळात फेकतो, पाणी गार होऊन पुन्हा खाली. जानेवारीत काय, बाहेरच थंडी, पाणी नुसतं वर फिरवून आणलं तरी गार, चिलर झोपलेले, मी मोकळा! साहेब स्वतः म्हणतात, "आर्गिरी, जाऊन ये रे बेटावर." जानेवारीत बेटावर कोण असतं? मांजरं! आणि ऑगस्टात, जेव्हा अख्खं अथेन्स घरांना कुलपं लावून समुद्रात डुंबत असतं, तेव्हा बाहेरची हवाच भट्टी, त्या भट्टीत आणखी उष्णता कोंबायची म्हणजे चिलरना धाप लागते, त्यांच्यावर पाणी शिंपडा, जाळ्या धुवा, आवाज बदलला का ऐकत बसा… रजा मागितली तर साहेब माझ्याकडे असे बघतात जसं काही मी त्यांची किडनी मागितली! आणि समोर बेट दिसतं हो!

त्यातून पंधरा ऑगस्ट. पानागियाची, म्हणजे मेरीमातेची जत्रा. आणि देस्पिनाच्या नावाचा सण त्याच दिवशी, आमच्यात तो वाढदिवसापेक्षा मोठा! मठाच्या अंगणात व्हायोलिन लागतं, सगळे हातात हात घालून गोल नाचतात, आणि माझ्या बायकोच्या हातात दरवर्षी कुणातरी भलत्याच चुलतभावाचा हात! यंदा फोनवर म्हणाली, "मागच्या जत्रेत कालिरोई मावशीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, पोरी, गेलेला माणूस परत येत नसतो, दुसरं काहीतरी बघ!" हसत होती सांगताना. मीही हसलो. मग म्हणाली, "ये रे यंदा. मी आता धक्क्यावर जात नाही, लोक बघतात. पण बोट आली की खिडकीशी असते." छतावर होतो म्हणून बरं, चिलरच्या आवाजात माणसाने कितीही हुंदके द्यावेत, कुणाला पत्ता लागत नाही.

म्हटलं, जायचं! काय वाट्टेल ते होवो! साहेबांच्या मागे लागलो, रोज लागलो, शेवटी कंटाळून त्यांनी दुसऱ्या पाळीतल्या मेनिओसला माझ्या जागी पाठवायचं कबूल केलं. आणि पंधरा तारखेला हा मेनिओस कुठे? पोहायला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत! "आलोच, दहा मिनिटं!" आमच्याकडची दहा मिनिटं! तिकडे बोट सुटायला आलेली. मग पहाऱ्यावरचे बार्बा-थ्रासोस… बार्बा म्हणजे काका, सगळी हयात जहाजांवर गेलेली… ते म्हणाले, "जा रे लेकरा, मी बसतो. समुद्रात वादळं पाहिलीत मी, तुझी कपाटं काय सांभाळायची!"

गेलो! हातात देस्पिनासाठी आइस्क्रीमचा केक, खोकं रिबिनीने बांधलेलं, केक बोटीच्या फ्रिजमध्ये ठेवायला दिला, डेकवर उभा राहिलो, बोट अजून धक्क्यालाच, वाऱ्याने शर्ट फुगला… आणि समोर बेट दिसतंय! आणि सहज, अगदी सहज हो, मोबाइलवर तापमान बघितलं. चढतंय! लावला फोन. "बार्बा, दार उघडं आहे का?" "उघडंच आहे, दारातच खुर्ची टाकलीय. पोट गार, पाठ गरम, काय सुख आहे रे!" मी ओरडलो, "तिथे रेवमा आहे! रेवमा बंद करा आधी!"

आता आमच्या भाषेची गंमत बघा. हवेचा झोत म्हणजे रेवमा. आणि वीज? वीजसुद्धा रेवमा!

"रेवमा बंद करू? नक्की?" "नक्की! नाहीतर सगळं तापेल!" "सगळा?" "सगळा, बार्बा, सगळा!" दर्यावर्दी माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. गेले, आणि सगळ्यात मोठा दिसला तो खटका, नेमका पंपांचा, खाली ओढला. वर मलाच फोन. "केला बंद, लेकरा. काय शांत वाटतंय!"

शांत वाटणारच! पाणी थांबलं! तापमान सुसाट! बोटीचा जबडा, म्हणजे गाड्या आत घ्यायचा पूल, वर जायला लागला होता, मी त्याच्यावरून धक्क्यावर उडी मारली, खलाशी शिव्या घालतोय, बायाबापड्या छातीवर क्रूस काढतायत, मी गाडीत, गाडी टेकडीवर, खटका वर, पंप सुरू… वाचलं सगळं. बार्बा-थ्रासोस दारात उभे, म्हणाले, "तूच म्हणालास." मीच म्हणालो होतो! मेनिओस आला मागाहून, केस ओले. साहेबांचा फोन आला, "आर्गिरी, उद्यापर्यंत तू तिथून पाऊल हलवायचं नाहीस." आणि तशाही पुढच्या बोटींत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आणि केक? गेला की! खलाशाने नेऊन दिला तिला. "मिळाला," ती म्हणाली. "अगदी गार आहे." एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मी गरम गल्लीत उभा होतो. तिथून बेट दिसत नाही हो, खिडकीच नाही. आणि एकाएकी सर्व्हरचे पंखे जोरात फिरायला लागले, पाठीमागून हवा आणखी तापली. आता काय झालं? काही नाही! गावोगावी जत्रा सुरू झाल्या, अख्खा देश नाचतोय आणि नाचतानाचं सगळं एकमेकांना पाठवतोय! माझाही फोन वाजला. देस्पिना. मठाचं अंगण, व्हायोलिन, आणि ती नाचतेय… एक हात मावशीच्या हातात, आणि दुसरा कुणाच्याच नाही. गोलात मोकळी जागा ठेवलेली, तिथे तो हात तसाच पुढे धरून नाचतेय. खाली लिहिलं होतं, 'यंदा कुणाला दिला नाही.'

मी तसाच उभा राहिलो, तोंडावर ती गरम हवा घेत. कुठल्या कपाटातून तिचं नाचणं माझ्यापर्यंत आलं कोण जाणे, पण त्या उबेत थोडीतरी तिची असणारच ना? असणारच! बायकोची ऊब, अख्ख्या उन्हाळ्यात पहिल्यांदा, माझ्या तोंडावर… आणि तुम्हाला सांगतो, मला पगार मिळतो तो तीच उचलून बाहेर फेकायचा!