धक्क्यावर गळ बंद

सुंदरराव : हॅलो! म्हाळू, मोठ्यानं बोल बाबा, इकडं ट्रकांचा लई आवाज हाय… हां… पुऱ्या पायऱ्या?… आन् पाटी कुणी लावली?… न्हाई रे, आमी तर निघालोच की. पिशव्या भरून चौसाळ्याच्या ष्टँडावर आलोत. बीडला जाऊन रातची कोकणगाडी धरायची हुती… धर जरा. ठेवू नको फोन.

तुळजाबाई : काय म्हणतेत म्हाळूभाऊ?

सुंदरराव : धक्का बंद हाय.

तुळजाबाई : बंद म्हंजे? समुद्राला कुलूप घातलं का काय?

सुंदरराव : तेलाचं जहाज खडकाला लागलं, चार रोज झाले. सगळं तेल किनाऱ्याला आलंय. होड्या बंद, जाळी बंद. आपल्यासारखा हौसंनं गळ टाकणारा, त्यालाबी मनाई. कलेक्टरचा हुकूम हाय. पोलीस उभा केलाय म्हणं आंबोळवाडीच्या धक्क्यावर.

सिद्धाराम : मामा, मी तरी काय सांगत होतो? काल सकाळी पेपरातली बातमी तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही म्हणालात, पेपरवाले काहीबी छापतात.

तुळजाबाई : काल? काल सकाळी तुमाला मालूम हुतं?

सुंदरराव : सिद्धाराम, तू दुकानातलं गिऱ्हाईक बघ बाबा.

सिद्धाराम : गिऱ्हाईक तुम्हीच आहात, मामा. दुकानाचा फोन तुमचाच चालू आहे.

तुळजाबाई : काल मी दिवसभर दशम्या भाजल्या. शेजारणीला कोंबड्या सोपवल्या. नवं लुगडं नेसले. आन् तुमी गप ऱ्हायलात?

सुंदरराव : मला वाटलं, येवढं नसंल. लांब समुद्रात असंल. म्हून तर गाडीच्या आधी म्हाळूला फोन लावला. आता त्योच म्हणतो, येऊ नका. चल, घरी जाऊ. न्हाईतर कडा गावाला जाऊ, तुझ्या बहिणीकडं, सुभद्राबाईकडं. एस्टीचा पास हाय दोघांचा, वाया जायचा न्हाई.

तुळजाबाई : सुभद्रा काय समुद्र हाय?

सुंदरराव : मग नारायणगडाला चल. दर्शन घेऊ.

तुळजाबाई : गडाला मी माझी जाते, दरसाल जाते. त्याला डायवर कशाला पायजे? आना तो फोन इकडं.

सुंदरराव : तू काय बोलनार त्याच्याशी? त्याची भाषा तुला कळायची न्हाई.

तुळजाबाई : तुमची कळली सव्वीस वर्षं, त्याची न कळायला काय झालं? आना म्हणते ना.

सिद्धाराम : मामी, ही बाजू कानाला. असं. आता बोला.

तुळजाबाई : हॅलो, म्हाळूभाऊ? मी तुळजाबाई… व्हय, तीच. पीठवाली… कावून हसता वो?… बरं, धक्का बंद हाय ते कळलं. मग घाण गेल्यावर येऊ का, पंधरा रोजांनी?… आं?… लेकाकडं? कायमचं? महिनाअखेरीला?… होडी इकली?… अवं, तेल काय जन्मभर ऱ्हातंय का?… बरं, बरं. लेकाला कंपनीत लागली नोकरी, चांगलं हाय की… न्हाई, मला वाईट वाटलं. तुमच्या घरचे बोंबील खाऊन माझी लेकरं मोठी झाली. आमचे ह्ये मासे धरून तुमाला द्यायचे, त्याच्या बदल्यात तुमी बोंबील… आं? कोण मासे द्यायचं?… परत बोला, मला ऐकू आलं न्हाई.

सुंदरराव : तुळजे, आन तो फोन. लाइन खराब हाय.

तुळजाबाई : लाइन चांगली हाय. लांब व्हा… हां, बोला म्हाळूभाऊ. कोळंबी? कोळंबी लावावी लागती?… आन् पीठ?… इरघळतंय?… एकबी न्हाई?… सव्वीस वर्षांत?… न्हाई, न्हाई, तुमी कशाला माफी मागता? तुमी खरं बोललात. बोंबलांचे लई उपकार हायेत तुमचे. वैनीला नमस्कार सांगा. ठेवते.

सिद्धाराम : मामी, पाणी देऊ?

तुळजाबाई : मला नको. ह्यांना द्या. ह्यांचं तोंड बगा.

सुंदरराव : म्हाळूला काय अक्कल हाय का? बोलायला लागला की—

तुळजाबाई : एकबी मासा न्हाई?

सुंदरराव : अगं—

तुळजाबाई : सिद्धाराम, तुमीच सांगा. तुमच्या वडलांच्या, बसप्पाअण्णांच्या येळंपासून हिंग कुठून नेते मी?

सिद्धाराम : ह्याच दुकानातून. अण्णांना वाटायचं, सुंदररावांच्या घरी पोटदुखी फार.

तुळजाबाई : पोटदुखी न्हाई. ह्यो डबा बगा. ज्वारीचं पीठ, थोडं गव्हाचं, हिंग, हळद, आन् कोमट पाण्यात मळलेलं. माझ्या बापानं मांजरेच्या डोहात ह्याच पिठावर हातभर मासे काढले. आमच्या घरचं कसब हाय ते. लगीन होऊन आले, तवा ह्यांना डुटी लागली बीड ते आंबोळवाडी. रातभर गाडी, सकाळी तिथं, दिवसभर मुक्काम, संध्याकाळी परत. म्हणले, दिवसभर धक्क्यावर बसून करमत न्हाई. मी म्हणलं, गळ घेऊन जावा, पीठ मी देते.

सिद्धाराम : म्हणजे सव्वीस वर्षं आमच्या दुकानातला हिंग समुद्रात गेला म्हणा. आमच्या घरात मासा म्हटलं की आई कानावर हात ठेवते, आणि माझा हिंग पार तिकडे.

तुळजाबाई : पहिल्या खेपेहून आले. दारात मी इचारलं, लागला का? म्हणले, दोन लागले. ताजा मासा बीडापातूर नासतो, म्हून म्हाळूला दिला, त्यानं बोंबील दिले. दुसऱ्या खेपेला मी गूळ घातला. म्हणले, गूळ न्हाई मानवला, एकच लागला. मग लसूण वाटून घातला. म्हणले, आज पाच! लसणावर तुटून पडले! मी येडी, सव्वीस वर्षं लसूण सोलत बसले, पहाटं चारला उठून!

सिद्धाराम : मामा, हे मात्र लई झालं.

सुंदरराव : तू हस, सिद्धाराम. तुझं काय जातंय?

सिद्धाराम : हसत नाही, मामा. पाच कशाला सांगितलेत? दोनावर थांबायचं.

तुळजाबाई : कशापायी खोटं बोललात? तेवढं सांगा. तिथं दुसरंच कायतरी हुतं का?

सुंदरराव : काय असनार, तुळजे?

तुळजाबाई : मला काय ठावं? मी बघितलंय का? दर तिसऱ्या राती तुमी तिकडं. निम्मा संसार तुमी तिकडं केला. बाई असती तर एक डाव जाऊन झिंज्या धरल्या असत्या. पाण्याच्या काय धरू? दरसाल म्हणलं, मला न्या, मला दाखवा कुठं बसता. दरसाल म्हणले, पुढल्या साली. पोरांची शाळा, मग पोरींची लग्नं, मग रिटायर झाल्यावर. आता रिटायर झालात, पास मिळाला, तर पाणीच काळं झालं. आन् वर हे. मासा एक न्हाई.

सुंदरराव : बस जरा. बस इथं बाकड्यावर. सांगतो.

तुळजाबाई : उभीच बरी हाय मी.

सुंदरराव : पहिल्या डावाला गळाला तुझी गोळी लावली आन् टाकली. पडली, इरघळली. दुसरी टाकली, तीबी तशीच. खारं पाणी, वरून लाटा. तुझ्या बापाचा डोह निवांत असतो, तिथं गोळी टिकती. म्हाळू लांबून बघत हुता. जवळ आला आन् म्हणला, डायवर, दर्याला भाकरी चारताय का? मूठभर कोळंबी दिली त्यानं, हे लावा म्हणला. मी घेतली न्हाई.

तुळजाबाई : कावून?

सुंदरराव : तू पहाटं चारला उठली हुती. पीठ मळून, फडक्यात बांधून दिलं हुतंस. ते तिथं फेकायचं आन् दुसऱ्याचं आमिष लावायचं, मन घेईना. दारात तू इचारलं, लागला का. तुझं तोंड बघितलं आन् लागला म्हणून बसलो. एकदा लागला म्हणल्यावर मागं कसं फिरू? बोंबील तर मी पैसे मोजूनच घेत हुतो.

सिद्धाराम : मग इतकी वर्षं त्या पिठाचं काय केलंत, मामा? खाल्लंत?

सुंदरराव : धक्क्याच्या शेवटाला पायऱ्या हायेत, पाण्यात उतरणाऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचो. चपला काढून पाय पाण्यात. पीठ चुरून टाकायचो, चिमटी चिमटीनं. बारकी मासोळी यायची, बोटायेवढी, चांदीच्या पत्र्यावानी. आधी दहा-वीस, मग पायरी दिसंना येवढी. माझ्या बोटांला तोंड लावायची, अंगठ्याभवती फिरायची. रातभर गाडी चालवलेला मानूस मी. डोळे मिटले तरी रस्ता पळतोय असं वाटायचं. तो रस्ता त्या पायरीवर थांबायचा. गळ मी दुसऱ्या सालापासून पिशवीतून काढलाच न्हाई.

तुळजाबाई : आन् लसूण?

सुंदरराव : लसूण त्यांला खरंच मानवायचा. ते खोटं न्हाई.

तुळजाबाई : आता गोड बोलू नका.

सुंदरराव : तुझ्या गळ्याची आन. गुळाचं पीठ टाकलं तर फिरून जायची. लसणाचं टाकलं की पाणी उकळल्यावानी व्हायचं. पाच लागले म्हणलो, त्या दिवशी पायरीवर पाचशे हुती.

सिद्धाराम : हे आधीच सांगितलं असतंत मामींना, तर काय बिघडलं असतं?

सुंदरराव : सांगायचंच हुतं. उद्या सकाळी त्या पायरीवर हिला बसवायचं, पाय पाण्यात सोडायला लावायचं, डबा हातात द्यायचा. मासोळी आली की हिचं हिला कळलं असतं. त्यासाठी बातमी ऐकूनबी गप बसलो. वाटलं, खोटी निघावी. आता म्हाळू म्हणतो, त्या पायरीवर टाचभर काळा थर हाय. पाय ठेवला की निघत न्हाई. बारकी मासोळी लाटंसंगं मरून येती. मला ते बघायचं न्हाई, तुळजे. आन् तुला तर मुळीच दाखवायचं न्हाई. तुला दाखवायचं हुतं ते तिथं ऱ्हायलंच न्हाई.

(हायवेवरून एक ट्रक जातो.)

तुळजाबाई : पायरी हाय का?

सुंदरराव : आं?

तुळजाबाई : काळी असंना. पायरी जाग्यावर हाय का?

सुंदरराव : पायरी कुठं जाती? दगडाची हाय.

तुळजाबाई : आन् म्हाळूभाऊ महिनाअखेरपातूर हायेत.

सुंदरराव : हाय. पर तुळजे, बंदी हाय. पोलीस उतरू देनार न्हाई.

तुळजाबाई : बंदी गळाला हाय ना? तुमी कुठं गळ टाकत हुतात? पोलिसाला सांगा, सव्वीस वर्षांत मी एक मासा धरलेला न्हाई, माझी बायको साक्ष हाय.

सिद्धाराम : मामी, हे लेखी घेऊन जा. मी शिक्का मारून देतो दुकानाचा.

सुंदरराव : तू हिला चढवू नको बे! तिथं बघायला काय हाय आता?

तुळजाबाई : तुमी कुठं बसत हुता ते हाय. खाली उतरू देत न्हाईत तर वर उभी ऱ्हाते. तुमी बोट दाखवा, ती खालची पायरी. येवढंच बघायचंय मला. पुढल्या साली कोण असंल तिथं? म्हाळूभाऊ नसंल. तुमी म्हणचाल, मासोळी येऊ द्या, पाणी निवळू द्या, मग जाऊ. मी लई पुढल्या साली बघितल्या.

सिद्धाराम : मामा, बीडची गाडी वळली बघा नाक्यावरून. जायचं तर उठा. नसेल जायचं तर मी चहा सांगतो.

सुंदरराव : तू रडशील तिथं.

तुळजाबाई : तुमी रडाल. म्हून तर संगं येते.

सुंदरराव : …आन तो डबा इकडं. जड हाय.

तुळजाबाई : ऱ्हाऊ द्या, मांडीवर घेते. एखादी चुकून जगली असंल, तर उपाशी हाय बिचारी.

सिद्धाराम : पिशवी मी देतो वर. चढा मामी, सावकाश. मामा, तुम्ही डायवरच्या दरवाजानं नका जाऊ, आता मागून चढायचं.

सुंदरराव : ठावं हाय रे. तुळजे, रातच्या गाडीत खिडकीला तू बस. घाट उतरला की पहाटं खारा वास येतो. मी उठवतो तुला. पर ह्या टायमाला त्यात तेलाचा वास येनार, आधीच सांगतो. मन खट्टू करू नको.

तुळजाबाई : उठवू नका. मी वळखते. तुमचा सदरा सव्वीस वर्षं मी धुतला, खारा वास आन् डिझेलचा वास दोन्ही एकातच यायचे. बिनतेलाचा समुद्र मला कुठं ठावा हाय?